दुसऱ्यांदा गोठलेलं तेल

"दादा, माछ नेबेन ना?" कलकत्त्यात बेहालाच्या बाजारातल्या मासेवालीनं मासे घेणार नाही का म्हणून विचारलं. दिनकर उपासनींनी नाकाचा रुमाल न काढता नकारार्थी मान हलवली आणि नुसता चार किलो बर्फ मागितला. मासळीच्या वासानं घेरी येणारा हा माणूस एकाच आठवड्यात दुसऱ्यांदा तिथं आला होता, कारण त्याच्या पाचावर धारण बसली होती.

बस कंपनीच्या प्रयोगशाळेत दिनकरराव तीस वर्षं तेलं तपासत होते. या खेपेला दोन विक्रेते आले होते. आमचं इंजिन ऑइल खनिज तेलातलं नाही, रसायनांपासून बनवलेलं आहे, तिप्पट टिकतं, असं दोघंही छातीठोक सांगत होते. कलकत्त्यात कुठली आलीय तसली थंडी. पण खरंखोटं थंडीतच कळतं. साध्या तेलात मेण असतं, ते मीठ घातलेल्या बर्फात गोठतं. अस्सल माल वाहत राहतो. सोमवारी एका नळीतलं तेल गोठलं, एकातलं वाहिलं. गोठलेल्या नळीवर त्या दोघांतल्या श्यामसुंदरच्या मालाची चिठ्ठी होती. दिनकररावांनी तो नापास केला.

काल श्यामसुंदर दारात येऊन उभा राहिला. ना धमकी, ना पाकीट. "उपासनीबाबू, एक बार फिर देख लीजिए. माल सच्चा है." दिनकरराव सोमवारची चाचणी मनाशी पुन्हा उलगडू लागले. आधी चिठ्ठी, मग तेल, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. सोमवारी त्यांनी आधी तेल ओतलं, चहा प्यायला आणि मग चिठ्ठ्या लावल्या. दोन्ही तेलं मधाच्या रंगाची. कुठलं कुठल्या नळीत ओतलं, काही केल्या आठवेना.

प्रयोगशाळेची प्रमुख लीना प्रधान कलकत्त्यातच जन्मलेली, वयानं त्यांच्या मुलीएवढी.

"मॅडम, सोमवारची चाचणी परत करायचीय. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल."

"असेल म्हणजे, काका?"

"आठवत नाही." एवढे दोन शब्द बोलताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पण लेखी तक्रार तर कोणी केला नाही. राहू द्या ना."

"त्या माणसाचा माल खरा असला तर?"

लीनानं श्यामसुंदरलाही बोलावून घेतलं. त्याच्यासमोर चिठ्ठ्या आधी लागल्या, तेल नंतर ओतलं. तासाभरानं दिनकररावांनी नळ्या आडव्या धरल्या. एकीतलं तेल सावकाश काचेवर सरकलं. श्यामसुंदरच्या नळीतलं जागचं हललं नाही.

त्यानं ती नळी हातात घेऊन स्वतः आडवी करून पाहिली. "कंपनी ने तो मुझसे यही कहा था," एवढंच तो म्हणाला आणि नमस्कार करून गेला.

दिनकररावांचा जीव भांड्यात पडला. आपल्या हातून कुणावर अन्याय झाला नव्हता. कितीतरी वेळ ते नुसतेच हसत बसले.

"बघा, काका. तुमचं चुकलंच नव्हतं."

"नव्हतं. पण मला अजूनही आठवत नाहीये, मॅडम. उद्यापासून मी चिठ्ठी लावली की तुम्ही बघायची. त्याशिवाय मला तेल ओतू द्यायचं नाही."

दिनकररावांनी अहवाल पुढ्यात ओढला, नेहमीपेक्षा बरंच डावीकडे सही केली आणि उजवीकडे तिच्या सहीपुरती जागा सोडली.