चौथ्या पडद्यावर

मेल्चोरने गिटारीच्या मानेवरचा चिमटा चौथ्या पडद्यावरून काढला आणि गुपचूप दुसऱ्यावर आवळला. स्वर उतरला. समोर पन्नासेक माणसं खुर्चीला खुर्ची लावून बसली होती, पण मध्ये बहिणीच्या झग्याचा घेर होता, तेव्हा कोणाला दिसलं नसेल, असं तो धरून चालला.

स्पेनमधल्या हेरेस गावच्या सान्तियागो वस्तीतलं हे फ्लामेंको गाण्याचं मंडळ. रविवारची दुपार, आत हरभऱ्याचं कालवण शिजत होतं. तोमासा, त्याची थोरली बहीण, याच खोलीत चाळीस वर्षं गायली होती. चौदा महिन्यांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. बोलता येईल, गाण्याचं पुढे बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यानंतर आज ती पहिल्यांदाच गाणार होती, आणि सकाळीच तिने मेल्चोरला सांगून टाकलं होतं: आज आवाज आला तर आला, नाहीतर या खुर्चीत मी पुन्हा बसणार नाही. दोन पडदे खाली वाजवलं तर आवाज टिकेल, असा त्याचा हिशोब होता. बहिणीला विचारायची हिंमत मात्र झाली नव्हती.

त्याने तारा छेडल्या. तोमासाने मान वळवली.

"चिमटा कुठे लावलायस?"

"ताई, गा ना."

"चौथ्यावर लाव."

तिला हळू बोलता आलं असतं. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं ती बोलली.

"गिटारीला पडसं झालंय वाटतं," दाराजवळून कोणीतरी म्हणालं, आणि शेजाऱ्याने त्याला गप्प केलं. पहिल्या रांगेतले फ्रास्कोकाका, वस्तीतले सगळ्यात जुने कानसेन, जमिनीकडे बघत राहिले.

मेल्चोरने चिमटा वर सरकवला. ताईने तोंड उघडण्याआधीच तिला जमणार नाही, हे त्याने स्वतःच भर सभेत सांगून टाकलं होतं.

तिने सिगिरिया धरली, मेलेल्या माणसांसाठीचं गाणं. शब्दांआधीचा हुंदका आला; खरखरीत, पण तिचाच. फ्रास्कोकाकांच्या तोंडून "ओले" अशी दाद निघाली, हळू आणि नेमक्या जागी. मेल्चोरला क्षणभर वाटलं, आला आवाज, आला.

दुसऱ्या ओळीत चढण होती. तोमासाच्या मानेच्या शिरा फुगल्या, तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर पडली. ती थांबली नाही. मागे येऊन तिने तीच ओळ पुन्हा धरली. पुन्हा हवा. ती रिकामी जागा मेल्चोरने अंगठ्याने भरून काढली, झरझर, जमेल तितकी सुरेख. दुसरं करणार काय? शेवटचं कडवं तिने तालात नुसतं म्हटलं आणि हात मांडीवर ठेवले.

टाळ्या पडल्या. लांबलचक, एकसारख्या. गाणं काळजाला भिडलं की या खोलीत लोक दाद म्हणून शिव्या देतात, टेबलावर मुठी आपटतात. अशा सभ्य टाळ्या पाहुण्यांसाठी असतात.

मग सगळे दारूच्या फळीपाशी जमले आणि एकेक जण मेल्चोरकडे येऊ लागला.

"काय वाजवलंस रे आज!"

"अंगठा आहे का काय आहे तुझा!"

फ्रास्कोकाकांनी त्याचा खांदा धरला. "तुझ्या बापाची आठवण करून दिलीस, पोरा."

गाण्याबद्दल बोलण्यासारखं काही उरलं नाही की गिटारीचं कौतुक करायचं, ही इथली रीत. मेल्चोरनेही ती आजवर कितीतरी गायकांच्या बाबतीत पाळली होती. आज समोर येणाऱ्या प्रत्येकाला कॉलरला धरून बाहेर काढावं, असं त्याला वाटत होतं. "आभारी आहे," तो म्हणत होता.

तोमासा कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. तिला लोक नातवंडांबद्दल विचारत होते, कालवण खा म्हणून आग्रह करत होते. ती उत्तरं देत होती आणि इकडे बघत होती.

थोड्या वेळाने ती उठून आली. एकतीस वर्षं तो तिच्या साथीला बसत होता. घाई करतोस, माझ्या अंगावर येतोस, स्वतःसाठीच वाजवतोस, हे त्याने दर कार्यक्रमानंतर ऐकलं होतं. आजही तेच ऐकायला मिळावं, अशी आस धरून तो उभा राहिला.

तिने त्याची कॉलर सारखी केली.

"छान वाजवलंस आज," ती म्हणाली.