आडावरचा स्लॅब

"थाळी थांबीवू नगंस," आक्का पुढूनच म्हणाल्या. "वाजवत ऱ्हा."

शालनचा हात थांबला होता, कारण उजव्या अंगाला उसात काहीतरी हलले होते. वारा तर पडलेला होता. वाटेच्या दोन्ही बाजूंनी ऊस डोक्याच्या वर गेला होता आणि फटफटायला लागले असले तरी तो उजेड वाटेपर्यंत पोचत नव्हता. तिने उलथन्याने पुन्हा थाळी बडवायला सुरुवात केली.  पुढे तिची सासू, ऐंशीच्या घरातली, खांद्यावर दोराचे वेटोळे आणि हातात पितळी बादली घेऊन, देवळाला निघाल्यासारखी शांतपणे चालली होती.

बिराप्पाच्या मळ्यातली विहीर आली तेव्हाच शालनने थाळी थांबवली. बिराप्पा मोटरीच्या खोलीपाशी हातात काठी घेऊन उभाच होता.

"आवं आक्का, काल सांजंला बिबट्यानं माजी शेळी नेली," तो म्हणाला. "बगा हितं."

पाटाच्या ओल्या मातीत पंजे उमटले होते. शालनने एकदा पाहिले आणि मान फिरवली.

"उद्यापास्नं येऊ नगासा. मी सायकलवरनं घागर आणून देतो की घरपोच."

"पाणी आनशील रं," आक्का म्हणाल्या. "पर ह्येस्नी माघारी कोण पोचवंल?"

त्यांनी कळशीच्या तोंडावरचे दुहेरी कापडाचे गाळणे अलगद उचलले. विहिरीचे पाणी त्यातून गाळून झाले होते. गाळण्याला जे डोळ्यांना न दिसणारे जीव लागतात, त्यांना गाळलेल्याच पाण्याने धुऊन ज्या पाण्यातून आणले त्याच पाण्यात सोडायचे, ही जीवाणी. त्यासाठीच आक्कांच्या बादलीला बुडाशी कडी होती. पाण्यापर्यंत हळू सोडायची, पाण्याला टेकली की उलटी करायची. वरून ओतायचे नाही. लग्नानंतर घेतलेले हे व्रत आक्कांनी बाळंतपणातही मोडले नव्हते.

"नळाचं पाणी कुटल्या नदीतनं येतंय," त्या दोर आवरत म्हणाल्या, "तितं मी कवा जाऊ?"

परतताना शालन मागे राहिली नाही. आक्कांच्या पाठीला चिकटून चालली.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे काहीच नव्हते. आड घरापासून हाकेच्या अंतरावर, गल्लीच्या मधोमध होता. त्याच्या समोरच आप्पासोंचे घर. त्यांची नात श्रद्धा, चार वर्षांची, चेंडूमागे धावली आणि आडात गेली. त्याच सुमारास सांगलीच्या एका संस्थेची नळयोजना गावात आली होती. ग्रामसभेत ठराव झाला, की घरोघरी नळ आणि आडावर अखंड स्लॅब. सगळ्यांनी हात वर केले. शालनने केला, आक्कांनीही केला. लेकराच्या मरणापुढे बादलीची आठवण कोणाला होणार? सिमेंट वाळल्यावर आक्का स्लॅबपाशी बादली घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा शालनच्या ध्यानात आले. पण तोवर आप्पासोंनी त्या स्लॅबवर नातीच्या नावाने दिवा लावायला सुरुवात केली होती. मग बोलायचे कोणी?

चहाच्या वेळेला सरपंच इंद्रजित दारात आला.

"काकी, आज संस्थेची मानसं येणार. योजनेनं गावाचं काय भलं झालं, काय वाईट झालं, बगायला. पयला नळ तुमच्या दारात बसला. फोटूबी तुमचाच. तवा तुमीच बोला."

"मी काय बोलू बाबा?"

"लय सोपं हाय. नळ आला, तरास गेला. दुसऱ्या टप्प्यात शाळंचं काम हाय. येक उलटा शब्द गेला, की अडाकलं." जाता जाता तो हसला. "आक्कांचं ते बारडीचं परकरण तेवढं काडू नगा. आप्पासो बसत्यात म्होरं."

त्याने धमकी दिली नव्हती.  शालन भाकरी थापत राहिली. एका बाजूला ओल्या मातीतले पंजे आणि दुसऱ्या बाजूला आप्पासोंचा चेहरा, असे दोन्ही डोळ्यांपुढे येत राहिले. नवरा रामगोंडा शिरवळला कंपनीत. तिने फोन लावला. "सुट्टी मिळाली की येतो, तवर आक्कास्नी सोडू नगंस," एवढेच तो म्हणाला. सोडायचे नाही म्हणजे काय? आक्कांना वाटेवर एकटे सोडायचे नाही, की घराबाहेरच सोडायचे नाही? 

सभा समाजमंदिरात भरली. संस्थेकडून झोया नावाची मुलगी आली होती. बोलायला मऊ, पण प्रश्न नेमके. पाणी कधी येते, भांडणे कमी झाली का, पोरी शाळेत वेळेवर जातात का. बायका एका सुरात उत्तरे देत होत्या.

"मग वाचलेल्या वेळात काय करता?"

"सासूची उणीदुणी काडतो!" गल्लीतली विजयमाला म्हणाली आणि हशा पिकला.

"आन सुना काय करत्यात त्ये आमास्नी ईचारा," मागून एक म्हातारी ओरडली. पुन्हा हशा. शालनही हसली. आपल्याला विचारले नाही तर बरे, असे तिला वाटले.

"शेवटचा प्रश्न," झोया म्हणाली. "या योजनेमुळे कोणाचं काही गेलं का? कोणाला काही सोडावं लागलं का?"

"काय बी न्हाई," बायका म्हणाल्या.

सगळे उठायच्या बेतात होते. पण झोयाने पेनाला टोपण लावून ते मांडीवर ठेवले आणि ती नुसती बसून राहिली. एकेकीच्या तोंडाकडे पाहत राहिली.  पंख्याची करकर तेवढी ऐकू येत होती. आप्पासो खांबाला टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. आता ही बया उठली, की संपले. उद्या पहाट होईल, आक्का दोर खांद्यावर टाकतील आणि आपण थाळी घेऊन मागे जाऊ. एक दिवस थाळी थांबेल.

"आमच्या आक्का," शालन म्हणाली.  "आमच्या आक्का बिबट्याच्या वाटंनं पाण्याला जात्यात."

"काकी, नळ हाय की दारात!" इंद्रजित ताडकन म्हणाला.

"त्यांचं व्रत हाय. नळाचं चालत न्हाई. बिराप्पाची शेळी काल नेली. आडाला..." तिने खांबाकडे पाहायचे टाळले. "आडाला बारडीपुरतं तोंड ठिवलं असतं, तर..."

 आप्पासो उठले. कोणाकडे न पाहता त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि ते निघून गेले.

"लेकराच्या मढ्यावर बोललीस गं," विजयमाला कानाशी पुटपुटली.

बाहेर झोयाने तिला गाठले. "काकी, मी हे लिहीन. जसं सांगितलंत तसंच लिहीन. पण आड उघडायचा की नाही, हे माझ्या हातात नाही. ते गावानंच ठरवायचं."

"गावानं ठरीवलं की मगाशी," शालन म्हणाली.

दुपारभर ती दाराआड बसली. समोरच्या गल्लीत चपलांचा आवाज झाला, की ती दाराच्या फटीतून पाही. आता आप्पासो येतील. येऊन काय म्हणतील? शिव्या दिल्या तर बरे. काहीच न बोलता उंबऱ्यात उभे राहिले तर? पण आप्पासोंचे दार बंदच राहिले. दिवेलागणीला स्लॅबवर रोजचा दिवा लागला नाही, तेव्हा मात्र तिला खरी भीती वाटली.

"तू सभंत बोललीस म्हनं," आक्का गाळणे वाळत घालताना म्हणाल्या.

"व्हय."

"आप्पासोच्या म्होरं?"

"व्हय. उद्या मळ्यात जायाचं न्हाई, आक्का. मी जाऊ देनार न्हाई."

आक्कांनी गाळण्याची टोके सरळ केली. "कळशीत घोटभर उरलं हाय," त्या म्हणाल्या. "त्यात उद्याचं भागंल. परवाचं परवा." त्या पाण्याविषयी बोलत होत्या, की पाण्यावाचून राहण्याविषयी, हे शालनला उमगेना.

पहाटे जाग आली तेव्हा खुंटी रिकामी होती. दोर नाही, बादली नाही. आक्कांच्या अंथरुणावर हात ठेवला तर गार. शालनने थाळी उचलली, उलथने मात्र सापडेना. ती तशीच अनवाणी उसाच्या वाटेकडे धावली. गल्लीच्या वळणावर तिला बोलण्याचा आवाज ऐकू आला. तो उसाकडून येत नव्हता. आडाकडून येत होता.

स्लॅबवर आप्पासो उकिडवे बसले होते. शेजारी आक्का उभ्या होत्या.

"ठिवा बारडी हितं. तोंड केवडं लागंल, बगू," आप्पासो म्हणाले.

त्यांनी बादलीच्या कडेने कोळशाने रेघ ओढली आणि बादली उचलून बाजूला ठेवली. सिमेंटवर काळे वर्तुळ उमटले. आप्पासोंनी दोन्ही तळवे समोरासमोर धरले, मध्ये अंतर ठेवून, चार वर्षांच्या पोराला दोन्ही खांद्यांना धरतात तसे. ते तळवे त्यांनी तसेच वर्तुळावर आणले. अंतर जरासुद्धा हलू दिले नाही. तळवे वर्तुळाच्या आत सहज बसले.

"बसतंय," ते म्हणाले.

 शालनने थाळी पोटाशी धरली.

 आक्का वळून घरात गेल्या आणि आपला पाणी प्यायचा तांब्या घेऊन आल्या. "ह्यो ठिवून बग," त्या म्हणाल्या. "ह्येच्या बुडाला कडी लावून घिऊ."

दुसरे वर्तुळ उमटले. आप्पासोंनी पुन्हा तळवे धरले, तेवढेच अंतर ठेवून. ते वर्तुळाच्या दोन्ही अंगांनी सिमेंटवरच टेकले. आत जाईनात. ते बराच वेळ तसेच टेकलेले राहिले.

"तांब्या तांब्यानं भराया लय येळ लागंल, आक्का," आप्पासो अखेर म्हणाले.

"लागू दे की. मला कुटं जायाचंय?"

आप्पासोंनी मान हलवली. मग खांद्यावरचा टॉवेल काढला आणि ते पहिले, मोठे वर्तुळ पुसू लागले. खरबरीत सिमेंटवरचा कोळसा निघत नव्हता. नुसता पसरत होता. उजाडले, गल्लीतल्या नळांना पाणी आल्याचा आवाज सुरू झाला, तरी ते पुसतच होते.