भट्टीपाशी थंडी

बेकरीच्या भट्टीसमोर उभं राहून हुडहुडी भरणारा माणूस कुणी पाहिला नव्हता. दादांना भरायची. धाकटा भाऊ चेष्टा करायचा, "दादा, पावांबरोबर तुम्हालाही आत सरकवू का?" दादा हसायचे, पण उशिरा. तोवर भाऊ पुढच्या कामाला लागलेला असायचा.

त्यांच्या किडन्या केव्हाच कामातून गेल्या होत्या. म्हणून पुढं जे जे झालं, ते सगळं किडनीच्याच नावावर खपलं. चेहरा सुजला, किडनी. आवाज घोगरा झाला, बसल्या जागी डोळा लागायला लागला, तीही किडनीच. घरात एकदा चोर ठरला की हरवलेली सुईसुद्धा त्याच्याच खिशात शोधतात.

डॉक्टरांनी डायलिसिस सुरू करायला सांगितलं, तेव्हा दादांनी हात जोडले. "नको. मला आता कशातच राम वाटत नाही."

वहिनी रडल्या, भांडल्या, अबोला धरून पाहिला. शेवटी त्यांनीच दिराला सांगितलं, "भाऊजी, नको त्यांचे हाल. त्यांच्या मनासारखं होऊ दे." आणि नवऱ्याच्या अंगावर आणखी एक पांघरूण घातलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई नवीन होत्या. त्यांनी दादांच्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला, पण परवानगी काढून आल्यासारखा. बाईंनी रक्त तपासायला पाठवलं. थायरॉइड जवळजवळ बंदच पडलं होतं.

"किडनीच्या रुग्णांत हे बरेचदा होतं," बाई म्हणाल्या. "थंडी वाजणं, सूज, झोप, मन उदास होणं, लक्षणं सारखीच, त्यामुळे नजरेतून सुटतं."

वहिनींनी विचारलं, "मग हे 'नको' म्हणाले, ते कोण म्हणालं?"

"थोडं त्यांचं असेल, थोडं आजाराचं. वेगळं काढून नाही दाखवता येणार."

हृदय थकलेलं, म्हणून गोळी अगदी कमी ताकदीची दिली. काही आठवड्यांनी एका सकाळी दादांनी पांघरूण लाथेनं उडवलं आणि खिडकीतून खाली ओरडले, "अरे, पाव करपतोय!" वहिनी चहा घेऊन धावत आल्या. दादा त्यांच्याकडे बघत राहिले.

"जन्मात माझं एक ऐकलं नाहीस, आणि नेमकं ते 'नको'च ऐकलंस?"

म्हणाले आणि स्वतःच हसले. वहिनींना हसता आलं नाही. कप हातातच राहिला.

दुसऱ्याच दिवशी डायलिसिस सुरू झालं. पण तोवर छातीत पाणी साठून हृदय पार खचलं होतं. यंत्र सुरू झालं की रक्तदाब कोसळायचा, मध्येच थांबवावं लागायचं. तरी पुढच्या खेपेला दादा सगळ्यांच्या आधी चपला घालून तयार. उन्हाळ्याच्या तोंडाशी, हाताला नळ्या लावलेल्या असतानाच, ते गेले.

भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "सुटले बिचारे. त्यांना कुठं जगायचं होतं?"

"होतं," वहिनी म्हणायच्या. समोरचा मान डोलवून विषय बदलू लागला, की त्याचा हात धरून पुन्हा सांगायच्या, "जगायचं होतं त्यांना."