भाला, भाला, मूठ

"भाला, भाला, मूठ," मार्लिस बोलून गेली आणि मग तिनं जीभ चावली.

सात हिवाळे ती हेच म्हणत आली होती. फाशांच्या खेळातली तिची लढवय्यी, सुनिव्हा, एका पाळीत तीन वार करी, आणि कुठला वार भाल्याचा, कुठला नुसत्या हाताचा, हे फासा उचलायच्या आत सांगून टाकायचं, अशी आर्डेलच्या तळघरातली रीत. बोललेलं मागे घ्यायचं नाही. पण आज समोर राक्षस नव्हता. समोर हाल्वार्ड होता, तिच्या सख्ख्या भावाचा, व्हर्लिनचा खेळातला कुऱ्हाडवाला गडी. चेटकिणीनं त्याला भारलं होतं आणि तो आपल्याच माणसांवर उलटला होता.

या टेबलावर भाल्यानं पडला तो मेला, हातानं पडला तो नुसता बेशुद्ध. एक भाला मारून त्याला खिळखिळा करायचा आणि मग दोन्ही वार हातानं करून झोपवायचा, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण जिभेला सवय लागली की ती डोक्याला विचारत नाही.

"अगं बाई, काय बोललीस हे?" शेजारी खेळणाऱ्या डुएननं कपाळावर हात मारला. त्याचा गडी, वैद्य, घायाळ होऊन पडला होता आणि पुढची कुऱ्हाड त्याच्याच मानेवर यायची होती. "मला वाचव म्हटलं होतं, त्याला मार नव्हतं म्हटलं!"

"आर्डेल, बदलू दे ना मला. चुकून गेलं तोंडातून."

"बोललीस ना? मग झालं." खेळ चालवणारी आर्डेल एरवी हे ठणकावून सांगे. आज तिनं मान वर केली नाही.

व्हर्लिन टोपी उलटी घालून गप्प बसला होता. भारलेल्या गड्याच्या मालकानं असंच बसायचं, एक शब्द काढायचा नाही. हाल्वार्डच्या जिवाचे काचमणी आर्डेलच्या कॉफीच्या मगात होते; मणी संपले की गडी संपला. किती उरलेत हे तिला ठाऊक होतं आणि व्हर्लिनला. मार्लिस भावाच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यापेक्षा भिंत परवडली.

कोराली, त्याची बायको, शरद ऋतूत गेली. तेव्हापासून तो घरात दिवासुद्धा लावत नसे. मार्लिस त्याला दर रविवारी बर्फातून ओढून इथं आणायची, कारण हाल्वार्ड होऊन तो गरजायचा, हसायचा, मांस-बटाट्याची हॉटडिश दोनदा वाढून घ्यायचा. हाल्वार्ड हे नावही कोरालीनंच ठेवलेलं. आज येताना गाडीत तो म्हणाला होता, "हा हाल्वार्ड गेला ना, की मला न्यायला येऊ नकोस."

पहिला फासा. भाला लागला. आर्डेलनं मगातून मूठभर मणी काढले. "उभा आहे," ती म्हणाली.

दुसरा फासा. आयुष्यात पहिल्यांदा मार्लिसनं मनापासून मागितलं, की चुकू दे. फासा घरंगळत डुएनच्या ताटलीला टेकला आणि थांबला. लागला होता, आणि चांगलाच लागला होता.

आर्डेल मगात बोटं घालून मणी काढू लागली. थांबली. आणि तिनं तो कॉफीचा मग छातीशी धरला.

"एक उरला," ती म्हणाली. "अजून उभा आहे. आता मूठ मार."

डुएननं सुस्कारा सोडला. मार्लिसनं घाईघाईनं फासा उचलला.

"नाही उरला," व्हर्लिन म्हणाला.

"तू बोलायचं नाहीस!" आर्डेल खेकसली.

"मी मोजून दिलेत मणी. उपडा कर तो मग."

"मी खेळ चालवते. मी म्हणते उरला!"

"आर्डेल." त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. "कोरालीच्या वेळी डॉक्टर रोज सांगत होते, आता सोडा. मी रोज म्हणायचो, थोडं उरलंय, अजून थोडं उरलंय. तिला नळ्या टोचून टोचून ठेवलं. मला परत तसलं करायला लावू नका."

आर्डेलनं मग उपडा केला. आतून काहीच पडलं नाही.

मार्लिसला हुंदका आवरेना. "मी मारला रे त्याला. माझ्या या मेल्या तोंडानं."

"तू मारलास. नीट मारलास." व्हर्लिननं हाल्वार्डची बाहुली हलकेच आडवी केली. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते पुसत नव्हता.

"मग आता..." तिला पुढचं विचारवेना. "पुढच्या रविवारी?"

 त्यानं आपली खुर्ची ओढून तिच्या खुर्चीला लावली.

"ती चेटकीण अजून जिवंत आहे," तो म्हणाला. "मूठ राहिलीय तुझी. हाण."