प्रार्थनेतली चुगली

म्हातारीच्या थोरल्या मुलाची प्रार्थना म्हणजे देवाच्या नावाने शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवणं. जेवणाआधी सुरू झाला की ताटातलं निवून जायचं, तरी याचं आमेन काही येत नसे. पण घरच्या प्रार्थनासभेत त्याने कहरच केला. "प्रभो, आमच्या लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्या बहिणीच्या हातून चर्चमधल्या वेदीचं वस्त्र जळालं. तिला क्षमा कर. मी तर केलीच आहे."

इस्त्रीवाली दाराजवळच बसली होती. सगळे आमेन म्हणाले. मान खाली घालून तीही म्हणाली.

म्हातारीला काही वाटलं नाही. नवरा मातीआड गेल्यापासून तिचं हे असंच चाललं होतं. चहा गरम होता की गार, कप रिकामा झाला तरी सांगता यायचं नाही. एके काळी लाँड्रीच्या गल्ल्यावर बसायची तेव्हा तिच्या जिभेला गिऱ्हाईक टरकून असायचं. जीभ अजून होती, धार तेवढी कुठे गेली कोण जाणे.

माणसं पांगली. इस्त्रीवाली पाया पडायला वाकली. "येते, आई. उद्यापासून येऊ नको म्हणालेत दादा. आता दुसरीकडे तरी कोण ठेवणार? चर्चच्या सगळ्या मंडळीने ऐकलं."

"बरं," म्हातारी म्हणाली. एवढंच.

सून कप गोळा करत होती. ती थोरल्याला, आपल्या नवऱ्याला, म्हणाली, "अहो, पण त्या दिवशी इस्त्री तुमच्याच हातात होती ना?"

"होती. फोन आला म्हणून कापडावरच ठेवली. ती शेजारीच घड्या घालत होती, तिचे काय डोळे फुटले होते? आणि मी चर्चच्या मंडळीचा पंच. पाळकांना काय सांगू, मी जाळलं म्हणून?"

"मग तिला कशाला काढलंत?"

"काढलं, पण भरपाई मागितली का? दयाच केली म्हण."

सुनेने सासूकडे पाहिलं. सासू राग यायची वाट बघत होती. राग आला नाही, रडूही आलं नाही. छातीत नुसता भिजल्या कापसाचा गोळा. मग तिच्या मनात आलं, रागावाचून अडलंय कुठे? रोज दुकान उघडायला हौस थोडीच लागते? किल्ली लागते.

"इकडे ये," ती थोरल्याला म्हणाली. कपडे परवा मिळतील, असं गिऱ्हाइकाला सांगावं तसा आवाज.

"आई, तू यात पडू नकोस, तुला बरं नाही..."

"जाळलंस तू आणि क्षमा केलीस तिला? वर देवाला साक्षीला ओढलंस! पायात चपला घाल. तिच्या दारी जा, माफी माग, कामावर बोलाव. रविवारी मंडळीपुढे उभं राहून सांग, कापड मी जाळलं. तोवर दुकानाची पायरी चढायची नाही, ते अजून माझ्या नावावर आहे. आणि तिने नाही केलं माफ, तर तोंड मिटून गठ्ठे उचल. क्षमा तिच्या घरची आहे, तुझ्या नाही."