जातिवंत

आप्पांच्या संशयाला निमित्त लागत नसे, आणि इथे तर चक्क डोळेच मिळाले होते! सहा महिन्यांच्या नातीचे डोळे राखाडी होते.

आप्पांचा धंदा कुत्र्यांची पिल्लं विकण्याचा. पिल्लू हाती आलं की आधी कान उलटून बघायचे, मग हिरड्या, मग शेपटीचा बाक. त्या दिवशी सून आंघोळीला गेली आणि आप्पा हलकेच पाळण्याशी गेले. नातीचा कान उलटला. टॉर्च लावून हिरड्या पाहिल्या.

"शेपटी सापडली का रे?"

मागे आत्या उभी होती, आप्पांच्या वडिलांची बहीण. घरातलं सगळ्यांत जुनं माणूस.

आप्पा दचकले, पण हटले नाहीत. "आपल्यात असे डोळे कुणाचे आहेत, आत्या? आपलं रक्त शुद्ध. कुठंतरी पाणी मुरतंय."

"शुद्ध म्हणजे रे काय?"

"बाहेरचं काही मिसळलेलं नाही ते."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून!"

"मग माझ्या आजीचं माहेर कुठलं, सांग." आप्पा डोकं खाजवू लागले. "मलाही ठाऊक नाही. आठवतं तिथवर शुद्ध, आणि त्यामागचा अंधारही शुद्धच, होय? बरं, तुझी पिल्लं बहिरी का निघत होती?"

आप्पांची मान खाली गेली. एकाच घरातल्या जोड्या लावून लावून पिल्लं बहिरी निघू लागली होती. शेवटी त्यांनीच गुपचूप परका नर आणला. पिल्लं ठणठणीत झाली, आणि गिऱ्हाइकांना ती 'शंभर टक्के जातिवंत' म्हणूनच विकली!

तेवढ्यात दारात सून दिसली. केस ओले, नजर टॉर्चवर.

"संशय माझ्यावर होता ना, आप्पा? मग मला विचारायचं. तिला का तपासलंत? मी तिला घेऊन माहेरी जाते."

अरेरे! आपण हे काय करून बसलो! टॉर्च बाजूला ठेवून आप्पा म्हणाले, "पोरी, मी तिला पिल्लासारखं उलटंपालटं केलं. लाज वाटते मला. जायचं तर जा, तुझा हक्क आहे. पण मी काय केलं ते तुझ्या नवऱ्याला मीच सांगेन."

सून पाळण्याशी आली. मग बाळाला उचलत म्हणाली, "आधी हात धुऊन या. कुत्र्यांचा वास येतोय. मग घ्या तिला."

मंडळी, 'शुद्ध रक्त' म्हणजे आपली आठवण जिथे संपते, तिथून अलीकडे मोजलेलं रक्त. त्यापलीकडचं कुणालाच माहीत नाही. त्या अज्ञानाच्या जोरावर घरातल्या लेकीसुनांना तपासू नका. जनावरांच्या बाजारातला हा शब्द माणसांच्या घरात आणू नका!