न बोललेला होकार

"आधी बॅटरीची काळी वायर सोडव. मग कुठे घालायचा तिथे हात घाल."

ह्यांचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते गेल्यावरही व्हॅनचं बॉनेट उघडलं की कानात उमटतं. ते गाडीखालून बोलायचे, मी वरून पाने द्यायची. त्या दिवशी मात्र गाडीखाली मी होते आणि रागाने माझं डोकं नुसतं भणभणत होतं.

राग कशाचा ते सांगते. माझे रोजचे दोन नेम आहेत. सकाळी देवापुढचा दिवा तेवत असेपर्यंत बोलायचं नाही, आणि दिवसभरात कुणाला कठोर शब्द बोलायचा नाही. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी धाकटे दीर नेमके दिव्याच्या वेळी माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले.

"वहिनी, ती व्हॅन भंगारात देऊन टाकतोय. दारात नुसती सडतेय. हरकत असेल तर आत्ताच सांगा."

मी डोळे न उघडता हात वर केला. थांबा, एवढाच त्याचा अर्थ. त्यांनी तो आशीर्वादच मानला. "वा, तुमची संमती मिळाली, मग प्रश्नच मिटला," म्हणाले आणि गेले. चपलांचा आवाज जिन्यावरून खाली उतरताना मी ऐकत होते आणि समोर तो दिवा, एरवी चटकन शांत होणारा, आज शांत व्हायचं नावच घेत नव्हता.

दिवा शांत झाल्याबरोबर खाली गेले. दीर चहा पीत होते.

"भाऊजी, मी थांबा म्हटलं होतं."

"म्हटलं कुठे? हात केलात. मी माणसाला शब्द देऊन बसलो, दुपारी येतोय तो. आणि मौन म्हणजे संमती, हे जग मानतं."

"मौन म्हणजे मौन, भाऊजी."

माझ्या मौनाचा अर्थ लावायला भाऊजींना कुणी नेमलं होतं? पण नुसत्या व्हॅनचा प्रश्न असता तर मी एवढी पेटले नसते. दीर आणि हे, दोघांना लहानपणी सांभाळलं ते आत्याबाईंनी. कमरेचं हाड मोडल्यापासून त्या गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात होत्या. त्या दिवशी त्यांना घरी सोडणार होते आणि मी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "मी स्वतः न्यायला येईन." चाकांच्या खुर्चीसकट त्यांना आत घेईल असं दार फक्त आमच्या व्हॅनला. हे दिरांनाही चांगलं माहीत होतं.

"आत्याला तिथे नर्स आहेत, वेळेवर जेवण आहे," ते कपात बघत म्हणाले. "इथे तिचं कोण करणार?"

"मी करणार."

"तुम्ही बोलायला गोड, वहिनी. पण गाडी चालत नाही तर आणणार कशी? चालू असती तर मी तोंडही उघडलं नसतं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. व्हॅन सडतेय म्हणून जात नव्हती. आत्याबाई येऊ नयेत म्हणून जात होती. जिने भाऊजींच्या तोंडात घास घातला, तिच्यासाठी त्यांना खालची एक खोली जड झाली. जिभेवर काय काय आलं म्हणून सांगू. सगळं गिळलं आणि ह्यांचा निळा शर्ट साडीवर चढवला.

व्हॅनचा फक्त सेल्फ गेला होता. इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर, तेवढीच. किल्ली फिरवली की खट्ट, पुढे काही नाही. दिवे मात्र लख्ख, म्हणजे बॅटरी ठणठणीत. नवा सेल्फ आणून जिन्याखाली ठेवलेला होता. मेकॅनिक "आलोच" म्हणायचा, आणि त्याचं ते आलोच कधी उजाडलंच नाही.

मागच्या चाकांना विटा लावल्या. पुढून गाडी जॅकवर उचलली, खाली लोखंडी तिवया सरकवल्या, कारण नुसत्या जॅकवर विसंबून कुणी आत शिरू नये. काळी वायर सोडवली. मग पाठ फरशीला टेकली. सेल्फवरची जाड वायर सुटली, बारीक सुटली, खालचा बोल्टही निमूटपणे आला. वरचा हलेना. गंजावर तेल सोडून वाट पाहिली, तरी तो ढिम्म.

"ताई, आहात का अजून, की गाडीने गिळलं?" धाकटी जाऊ खाली वाकली. तिच्या हातात टॉर्च होता.

"भाऊजींनी पाठवलं?"

"छे हो. आमचे हे म्हणाले, बघू नकोस, हसू येईल. म्हणून आले." उजेड पाडत तिने वर पाहिलं. "हा बोल्ट त्यांच्यासारखाच दिसतोय. हलत नाही, आणि का हलत नाही तेही सांगत नाही."

"टॉर्च नीट धर गं."

"एक शिवी हासडा, सुटेल. बरं, तुमचा नेम आहे. माझा नाहीये. घालू?"

मी पान्याला पाइप अडकवला, दोन्ही हातांनी लोंबकळले आणि म्हणाले, "घाल."

ती शिवी मी इथे लिहिणार नाही. बोल्ट करकरला आणि फिरला. शिवीने की जोराने, ते देव जाणे; पण त्या शब्दांतले निम्मे कुणाला उद्देशून होते हे आम्हा दोघींना कळलं होतं.

जुना सेल्फ छातीवर उतरवून घेतला. तान्ह्या मुलाएवढा जड. नवा त्याच्याशेजारी ठेवून दात ताडून पाहिले, बसायची जागा तारेच्या ब्रशने घासली, नवा चढवला, बोल्ट आवळले, वायरी लावल्या. गाडी खाली उतरवली. काळी वायर सगळ्यात शेवटी.

तेवढ्यात फाटकाशी टेम्पो थांबला. भंगारवाला उतरला, दीर त्याला हाताने व्हॅन दाखवू लागले. मी आत बसले, किल्ली फिरवली. खट्ट झालं नाही. इंजिन घुरघुरलं, एकदा खोकलं आणि सुरू झालं.

भंगारवाला दिरांकडे वळला. "साहेब, ही तर चालते."

"आत्ता चालतेय," दीर म्हणाले. "वहिनी, उद्या पुन्हा बंद पडली तर?"

"उद्या पुन्हा खाली शिरेन."

"अहो, पण तिचं सगळं करायचं म्हणजे..."

"भाऊजी, तुम्हाला ताप यायचा तेव्हा त्या उशाशी बसायच्या, हे मला त्यांनी नाही, तुमच्या भावाने सांगितलंय. आज त्या सामान बांधून वाट बघत बसल्या असतील. तुम्हाला त्या नको असतील तर तसं त्यांच्या तोंडावर सांगा. चला बरोबर, मागे जागा आहे."

आवाज माझा नेहमीचाच होता. दीर टेम्पोकडे बघत राहिले, मग चपलेने मातीत काहीतरी कोरू लागले. आले नाहीत. पण बोललेही नाहीत, आणि त्यांच्या मौनाचा अर्थ लावत बसायला मला वेळ नव्हता.

"खालची खोली झाडून ठेवते," जाऊ म्हणाली, नवऱ्याकडे न बघता. "खिडकीकडे डोकं करू की दाराकडे?"

"खिडकीकडे. त्यांना रस्ता दिसला पाहिजे."

भंगारवाल्याने आपणहून टेम्पो मागे घेतला. मी हात पुसले, दिरांना बाजूला व्हायला वेळ दिला आणि गाडी हळूच फाटकाबाहेर काढली.